बॉबिनच्या स्कर्टची दुमड

टेलरमास्तरांच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा, पण तो फक्त माणसांवर. कापडावर ते आयुष्यात कधी चिडले नाहीत. शाळेचे गणवेश शिवायचं त्यांचं एका दाराचं दुकान होतं. आत दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि कोपऱ्यात ट्रायलसाठी पडदा लावलेली जागा. त्या जागेत एक पोरगं आणि त्याची आई एकदम मावत नसत, त्यामुळे आया पडद्याबाहेर उभ्या राहून आतल्या पोराला सूचना करायच्या आणि मास्तर दोघांनाही गप्प बसवायचे. "पोट सोड. शाळेत काय दिवसभर श्वास रोखून बसणारेस?" हे वाक्य हंगामात दिवसातून तीसेक वेळा तरी त्यांच्या तोंडून निघायचं.

पण शिवण म्हणाल तर कुणी बोट ठेवावं अशी जागा नव्हती. आणि मास्तरांचा एक नियम होता. स्कर्ट असो, पँट असो, खाली चार बोटं जादा कापड आत दुमडून ठेवायचंच. एखादी चोखंदळ आई कुरकुरली की कड जाड दिसते, तर मास्तर तिच्याकडे चष्म्यावरून बघायचे. पोरं वाढतात बाई, ती काय फर्निचर आहेत का, असं सुनवायचे. मग कपडा पिशवीत घालून हातात देताना ठरलेलं बोलायचे, "पुढच्या वर्षी आणा, खाली सोडून देतो." आसपासच्या चार शाळांत अशी शेकडो पोरं हिंडत होती, मास्तरांचं पुढचं वर्ष पायाशी दुमडून घेऊन.

फक्त एका पोरीच्या स्कर्टला ही दुमड नसायची. ती म्हणजे मास्तरांची स्वतःची लेक.

तिला घरीदारी सगळे बॉबिन म्हणत. लहानपणी एका जागी बसायचं नावच नाही, मशिनीतल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरगर फिरत असायची, म्हणून मास्तरांनीच ते नाव ठेवलेलं. आता तेरा पूर्ण होऊन सहा महिने झाले होते तरी ते चिकटलेलंच होतं. दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाई करणाऱ्या मावशी होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, जीभ मात्र सुईपेक्षा टोकदार. त्यांनी एकदा विचारलंच होतं, की अख्ख्या दुनियेच्या पोरी वाढतात आणि तुमचीच तेवढी वाढत नाही का हो? मास्तर म्हणाले, टेलरची पोरगी आहे, तिला सहा महिन्यांनी नवा मिळतो, तिला कशाला दुमड? मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

खरं कारण मास्तरांना ठाऊक होतं. ते कारण जुनं होतं.

बॉबिन सहा वर्षांची असताना मास्तरांनी तिला शाळेचा पहिला स्कर्ट शिवला. अगदी मापात बसलेला. महिन्याभरात तो कमरेत ढगळ व्हायला लागला. मास्तरांना वाटलं, आपलंच कापणं चुकलं. स्वतःवर चरफडत त्यांनी तो इंचभर आत घेतला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा उसवला, पुन्हा आत घेतला. त्या दुसऱ्या ट्रायलला टाचण्या लावताना त्यांना पोरीच्या पायांवर निळसर डाग दिसले, आणि एरवी क्षणभर न थांबणारी बॉबिन मध्येच मटकन खाली बसली. मग ताप, मग डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल. ब्लड कॅन्सर. पुढे अडीच वर्षं उपचार चालले. ते दिवस कसे काढले हे मास्तर कुणाला सांगत नाहीत, तेव्हा आपणही विचारायला नको. पोरगी बरी झाली, हे महत्त्वाचं. चांगली खणखणीत बरी झाली.

मास्तर मात्र त्या दोन वेळा आत घेतलेल्या कमरेपाशी अडकून पडले. पोर डोळ्यांदेखत वाळत होती आणि बाप स्कर्ट दुरुस्त करत बसला होता, हे त्यांनी मनात धरलं ते धरलंच. बायकोला बोलून दाखवलं नाही.

उपचार संपले तसं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. हा आजार परत येऊ शकतो, आला तर बहुतेक करून पहिल्या काही वर्षांत येतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पहिलं वर्ष दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. दर वेळी वजन, उंची, रक्त, मानेतल्या गाठी, पोट. घरी काय बघायचं त्याची यादी बॉबिनच्या आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. न उतरणारा ताप, अंगावर डाग, फिकटपणा, हाडं दुखणं, वजन घटणं. आई पोस्टात कामाला होती, तिचा कागदावर विश्वास होता. मास्तरांचा टेपवर.

म्हणून मास्तरांनी आपली वेगळी तपासणी सुरू केली. हॉस्पिटलच्या तारखेच्या आठवडाभर आधी, रविवारी सकाळी, बॉबिनला दुकानात बोलवायचं आणि छाती नि कंबर मोजायची. नवा कपडा शिवायचाय, असं सांगायचं. माप एका वहीत उतरायचं आणि वही कापडी नमुन्यांच्या खणात तळाशी ढकलायची. माप वाढलेलं असलं की मास्तर दिवसभर शीळ घालायचे. मग थाप खोटी पडू नये म्हणून खरंच कपडा शिवायचे, त्या दिवसाच्या मापाला अचूक, खाली एक बोटही जादा नाही. चार बोटं ठेवली आणि ती सोडायची वेळच आली नाही तर, या विचारापाशी त्यांची कात्री थांबायची. पुढच्या तपासणीपर्यंत पुरला की पुष्कळ झालं. त्यामुळे वर्गात सगळ्यात जास्त कपडे बॉबिनकडे होते, आणि तिच्या धाकट्या मावसबहिणीला आयुष्यात कपडे विकत घ्यावे लागले नाहीत.

ही झाली मागची हकिगत. आता यंदाची ऐका.

यंदा उपचार संपून पाच वर्षं होत होती. ही तपासणी नीट पार पडली तर पुढे वर्षातून एकदाच यायचं, असं डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण आईने कॅलेंडरवर त्या सोमवारला दोनदा गोल केला होता.

त्याआधी दोन महिने, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या त्या ऐन धामधुमीत, मास्तरांची टेप हरवली. गळ्यातली टेप म्हणजे मास्तरांचा एक अवयव. टेबलाखाली शोधली, मशिनीखाली शोधली, मावशींच्या पिशवीतही बघितली, त्यावरून मावशींची बोलणी खाऊन झाली. दारात आयांची रांग, नवी आणायला जायला फुरसत कुणाला? मग मास्तरांनी भिंतीवर उस्तादांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेली टेप काढली. मास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांची ही टेप, चाळीस वर्षांची, कापडी, नुसते इंच असलेली, हाताळून मऊ झालेली. आणि काय सांगावं, त्या टेपला यश आलं. हंगामातला एकेक कपडा पहिल्याच ट्रायलला चपखल बसला. कुणाची तक्रार नाही, उसवाउसवी नाही. मास्तरांना वाटलं उस्तादांचा हात डोक्यावर आहे. नवी टेप आणायचा विषयच मग मागे पडला.

तपासणीच्या आठ दिवस आधी, रविवारी, बॉबिन दुकानात आली. हात वर करून उभी राहिली, तोंडाने काहीतरी गुणगुणत. मास्तरांनी छाती मोजली. भुवया जवळ आल्या. कंबर मोजली. पुन्हा मोजली. वहीत मागचं माप होतं चोवीस. आज भरले तेवीस.

मास्तरांनी टेप झटकून सरळ केली. त्यांनी तिला वळायला सांगून तिसऱ्यांदा मोजली. तेवीस. छातीसुद्धा इंचाने कमी. बॉबिनने विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले काही नाही, आणि टाचण्यांची डबी शोधायला लागले, जी त्यांच्या हातातच होती.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला सांगायचं तर तिच्या झोपेचं खोबरं, आणि तारीख तर आलेलीच आहे, मग आठ दिवस आपण एकट्यानेच सोसू, असा त्यांचा हिशेब. पण माणूस मनात एवढं दडवून बसला की ते कुठून तरी बाहेर पडतंच. मास्तरांचं गोडपणातून बाहेर पडायला लागलं. गिऱ्हाइकांशी हसून बोलायला लागले. एका आईने कड जाड दिसते म्हटलं तर चक्क "असं का?" म्हणाले. मावशींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

घरी तर विचारू नका. बॉबिन गेलं वर्षभर शाळेच्या लांब उडीच्या स्पर्धेसाठी मागे लागली होती आणि मास्तर नाहीच म्हणत होते. पडशील, लागेल, डाग उठतील, मग तो डाग कसला हे ओळखायचं कुणी? आता तिने सहज पुन्हा विचारलं तर म्हणाले, घे भाग. बॉबिन चमकली. तिने खडा टाकून बघावा तसं सायकलचं विचारलं. तेही हो. मग केस कापायचं. हो. भाजी न खाण्याचं सुद्धा हो म्हणाले, तेव्हा तिच्या आईने ताट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

बॉबिनलाही मग धास्ती बसली, पण वेगळीच. कारण मास्तरांची टेप तिनेच नेली होती. लांब उडीच्या सरावाला शाळेत मोजपट्टी मिळेना, म्हणून तिने बाबांच्या खुंटीवरची टेप दप्तरात घातली आणि उडीच्या खड्ड्याजवळ विसरून आली. दुसऱ्या दिवशी ती तिथे नव्हती. बाबांचा संताप तिला माहीत होता. पण हा गोडवा तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिला वाटलं, बाबांना कळलंय आणि आता काहीतरी भयंकर होणार आहे.

तर असे हे बापलेक, आपापली धास्ती मनात घेऊन, सोमवारी सकाळी हॉस्पिटलात गेले. बरोबर आई, हातात फाइल.

तपासणीच्या खोलीबाहेर वजन-उंची घेणारे काका बसायचे. गेली सात-आठ वर्षं तेच. रोज सकाळी आल्या आल्या पाच किलोचं प्रमाणाचं वजन काट्यावर ठेवून काटा तपासायचे आणि मगच पहिल्या पोराला चढवायचे, असा त्यांचा कडक खाक्या. बॉबिन काट्यावर चढली. काकांनी आकडा वाचला आणि खूश होऊन म्हणाले, सहा महिन्यांत दोन किलो दोनशे ग्रॅम वाढ. उंची तीन सेंटिमीटर.

मास्तर म्हणाले, "काटा चुकतोय तुमचा."

काकांच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी खुर्चीखालून ते पाच किलोचं वजन काढलं, काट्यावर ठेवलं, आणि आकडा मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणाले, मग ती जाड बूट घालून चढली असेल. बॉबिन अनवाणी उभी होती. काका आयुष्यात इतके दुखावले नसतील. आईने नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला बाकाकडे ओढत नेलं.

रक्त देऊन झालं. रिपोर्टला दोन तास. बॉबिन पाणी प्यायला गेली तेवढ्यात आईने विचारलं, की तुम्हाला झालंय तरी काय? मास्तरांनी मग सगळं सांगून टाकलं. एक इंच. छाती आणि कंबर, दोन्ही. आठ दिवसांपूर्वी.

बायकोने हातातली फाइल बाकावर ठेवली. मग म्हणाली, "आठ दिवस तुम्ही एकटेच हे घेऊन बसलात? मी कोण आहे मग?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात राग जास्त होता. थोड्या वेळाने तिने मास्तरांच्या हातावर हात ठेवला आणि मग दोघंही तसेच बसले.

आत बोलावणं आलं तेव्हा रिपोर्ट अजून यायचा होता. डॉक्टरीणबाईंनी बॉबिनची मान चाचपली, पोट दाबून पाहिलं, पाय पाहिले, गुदगुल्या झाल्या म्हणून ती हसली तर त्याही हसल्या. बाकी सगळं छान आहे, रिपोर्टचं तेवढं बघू, असं म्हणाल्या. मास्तरांनी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"छान नाहीये, बाई. एक इंच कमी झालीय ती. तुमचा काटा काहीही म्हणो."

बाईंनी वही हातात घेतली. पाच वर्षांची मापं, तारखांसकट, एकही तपासणी न चुकवता. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. वजन वाढलंय, उंची वाढलीय आणि छाती-कंबर घटलीय, हे कसं जमतं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग म्हणाल्या, मोजण्यात काही फरक? मास्तर ताठ झाले. तीस वर्षं मापं घेतोय, आणि टेप म्हणाल तर माझ्या उस्तादांची आहे, यंदाचा अख्खा हंगाम तिच्यावर काढला, एक कपडा परत आला नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

बॉबिनला आता राहवेना. तिला वाटलं, हा सगळा प्रकार टेपवरूनच चाललाय.

"बाबा, तुझी टेप मी नेली. लांब उडीला. आणि हरवली. सॉरी."

मास्तर म्हणाले, अगं ते जाऊ दे आता. पण डॉक्टरीणबाईंनी ते जाऊ दिलं नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे मागच्या वेळचं माप त्या टेपचं आणि आताचं हिचं? मास्तरांनी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

दारात वजनकाटेवाले काका उभे होते. ते आत कशाला आले होते कोण जाणे, पण गेले नव्हते. त्यांनी न विचारता टेबलावरची टेप उचलली आणि बाहेरच्या उंचीच्या पट्टीला लावली. सगळे मागोमाग बाहेर गेले. साठ इंच म्हणजे एकशे बावन्न सेंटिमीटर आणि थोडं वर, हे टेलरच्या पोरालाही पाठ असतं. उस्तादांच्या टेपचं साठावं घर एकशे बासष्टच्याही वर गेलं. काकांनी तो आकडा वजनासारखाच मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

आता हे कळायला टेलर असायची गरज नाही. कापडी टेप वापरून वापरून ताणते. ताणलेल्या टेपचा इंच मोठा, म्हणून अंग लहान भरतं. मग हंगामाचे कपडे कसे बसले? अहो, अंगही त्याच टेपने मोजलं आणि कापडही त्याच टेपने कापलं, चूक दोन्हीकडे सारखी, मग बसणार नाहीत तर काय होईल? फसली ती फक्त वही, कारण वहीत हरवलेल्या टेपचं माप होतं. आणि गंमत म्हणजे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर पहिल्या दिवशी हेच सांगायचे, की टेप वर्षाला बदला, ताणते. पण उस्तादांची टेप ताणेल, हे त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, थांबेचना. बॉबिन हसली. काका तर विजयी मुद्रेने हसले. मास्तर मात्र आत जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. टेप खोटी निघाली म्हणून पोरगी बरी आहे असं होत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. रिपोर्ट येईपर्यंत थांबू.

आणि त्या थांबण्यात मास्तरांच्या तोंडून ते निघून गेलं, सात वर्षं न बोललेलं. ती आजारी पडली तेव्हा स्कर्ट दोनदा आत घेतला होता बाई. पोरीला डॉक्टरकडे न्यायचं सोडून मी कंबर आत घेत बसलो. हातात टेप असून मला कळलं नाही, म्हणून मोजतो. हसणारी आई हसायची थांबली. तिला हे आजच कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी फाइल ओढून घेतली. जाडजूड झालेली ती फाइल त्यांनी उलटी करत करत पहिल्या पानाशी नेली, आणि ते पान मास्तरांसमोर धरलं. अक्षर त्यांचंच होतं, सात वर्षांपूर्वीचं. वर तारीख, वय सहा. खाली पहिलीच ओळ त्यांनी वाचून दाखवली.

"वडील टेलर. म्हणतात, सात आठवड्यांत स्कर्टची कंबर दोनदा आत घ्यावी लागली." त्यांनी वर पाहिलं. "हे तुम्हीच मला सांगितलंत, दारातून आत आल्या आल्या. दुसऱ्या कुठल्या बापाला इंच सांगता आला असता? तापाची पोरं माझ्याकडे रोज वीस येतात. ही ओळ लिहिली आणि मी त्याच दिवशी रक्त काढलं. तुम्हाला कळलं नाही, असं कोण म्हणतं?"

मास्तरांना ते सांगितल्याचं आठवत नव्हतं. त्या दिवसाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग पुन्हा चष्मा काढावा लागला.

तेवढ्यात रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे बोटाने खालपर्यंत पाहिले आणि कागद आईच्या हातात दिला, कारण कागदावर विश्वास तिचा. सगळं जागच्या जागी होतं. आता वर्षाने या, त्या म्हणाल्या. यायचं मात्र नक्की, कारण मोठेपणीसुद्धा हृदय, हाडं, उंची बघत राहावं लागतं, जुन्या औषधांनी मागे काही ठेवलंय का ते. पण वर्षाने. आणि वही चालू ठेवायला हरकत नाही, फक्त टेप नवी घ्या.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बाहेर येताना ते काकांपाशी थांबले आणि म्हणाले, काटा चांगला आहे तुमचा. काकांनी मान डोलावली, म्हणजे ते त्यांना माहीतच होतं.

घरी पोचेपर्यंत मास्तरांचा मूळ स्वभाव परत आला होता. सायकलचं बघू म्हणाले. केसांना हात लावायचा नाही म्हणाले. भाजी तर खावीच लागेल. लांब उडीचं नाही म्हणायला तोंड उघडलं, तर बॉबिन म्हणाली, तू हो म्हणालायस, आई साक्षीदार आहे. आई म्हणाली, आहे. मास्तर गुरगुरले, पण गप्प बसले. हरवलेली टेप पुढच्याच आठवड्यात खेळाच्या शिक्षकांच्या कपाटात सापडली. तीन वेळा लावून त्यांनी बॉबिनची उडी मोजली होती, साडेतीन मीटरच्या पुढे.

उस्तादांची टेप पुन्हा फोटोखाली गेली. मास्तरांनी नवीकोरी टेप आणली, बॉबिनला उभं केलं, छाती मोजली, कंबर मोजली. साडेचोवीस. लांबी मोजली. मग टेबलावर कापड पसरलं, खडूने रेघ मारली, आणि रेघेच्या खाली बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. कात्री तिथून चालवली.

स्कर्ट कडेच्या तुरपाईसाठी मावशींच्या मांडीवर गेला. त्यांनी दुमड उलटून पाहिली, चाचपून पाहिली, आणि हा कुणाचा म्हणून विचारलं. बॉबिनचा, मास्तर मशिनीवरून मान वर न करता म्हणाले. मावशींनी नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलायला हवं होतं. त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला, आणि त्यांना तो तीनदा ओवावा लागला.

बॉबिनने मात्र घालून बघितल्या बघितल्या तोंड वाकडं केलं. कड जाड दिसते, म्हणाली. उडी मारताना पायात येईल.

"वाढशील की," मास्तर खेकसले. दारात पोस्टातून परतलेली तिची आई उभी होती, ती ऐकत होती. मास्तरांनी गुडघ्यावर बसून स्कर्टची कड एकदा सगळीकडून ओढून सारखी केली आणि इतकी वर्षं दुनियेच्या पोरांना म्हटलेलं वाक्य पहिल्यांदाच आपल्या पोरीला म्हणाले.

"पुढच्या वर्षी आण. खाली सोडून देतो."